कादंबरीतले गाव उपग्रहातून पाहताना

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातली वाडी कुठे आहे हे पाहायचे असेल, तर त्या काळच्या वाचकाला सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडची वाट धरण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आजचा वाचक पुस्तक मिटतो, मोबाइल हातात घेतो आणि नकाशातले उपग्रहचित्र उघडतो. पडद्यावर तपकिरी माळ दिसतो, पत्र्याची आणि सिमेंटची छपरे दिसतात, एखादा कोरडा ओढा दिसतो आणि अधूनमधून गडद निळे चौकोन दिसतात. इथून पुढे मात्र तो गोंधळतो. हीच ती वाडी कशावरून? हे चित्र आजचे आहे की चार वर्षांपूर्वीचे? पुस्तकात दुष्काळ आहे, मग इथे एवढे हिरवे पट्टे कसे? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे अवघड नाहीत. मात्र त्यासाठी उपग्रहाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

हे छायाचित्र नव्हे, गोधडी आहे

मोबाइलवर दिसणारे अखंड चित्र एका दिवशी, एका कॅमेऱ्याने टिपलेले नसते. आजीच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा, आजोबांच्या धोतराचा दुसरा आणि सदऱ्याचा तिसरा असे जोडून गोधडी शिवतात, तसे वेगवेगळ्या तारखांचे, वेगवेगळ्या उपग्रहांचे आणि काही ठिकाणी विमानातून घेतलेलेही तुकडे जोडून हे चित्र तयार केलेले असते. म्हणूनच एका शिवाराचा अर्धा भाग उन्हाळ्यातला आणि अर्धा हिवाळ्यातला दिसू शकतो. गूगल अर्थसारख्या साधनात चित्राची तारीख पाहता येते आणि जुनी चित्रेही उघडता येतात. कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी ती तारीख पाहावी. ही सवय नसेल, तर पुढचे सारे व्यर्थ जाते.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. उपग्रहचित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी आहे, आणि एक ठिपका जमिनीवरचा जेवढा तुकडा व्यापतो त्याला त्या चित्राची विभेदनक्षमता म्हणतात. हा जड शब्द इथेच ठेवून आपण आपल्या मापात बोलू. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. १९७२ साली सोडलेल्या पहिल्या लँडसॅटचा ठिपका ८० मीटरच्या आसपास होता, म्हणजे दीड एकराहून थोडा मोठा. याउलट व्यापारी उपग्रहांच्या अगदी स्पष्ट चित्रांत ठिपका जेमतेम फूटभराचा, घरातल्या फरशीएवढा असतो. एका ठिपक्याला एकच रंग मिळतो. एका गुंठ्यात अर्धे छप्पर, एक लिंबाचे झाड आणि थोडे अंगण असेल, तर त्या तिघांची सरासरी काढून एकच मळकट रंग तिथे भरला जातो. म्हणून गुंठ्याच्या ठिपक्यात घर शोधू नये. त्यात शिवार, तलाव, जंगल आणि नदीचे पात्र वाचावे.

कायमची सकाळ, कायमची उघडीप

माझ्या मते या साऱ्यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अशी की, पृथ्वीचे निरीक्षण करणारे हे उपग्रह अशा कक्षेत फिरतात की कोणत्याही गावावरून ते सूर्याच्या हिशेबाने साधारण एकाच वेळी जातात. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ यांच्या बाबतीत ही वेळ सकाळी दहा ते साडेदहाच्या सुमाराची आहे. सावल्या दर वेळी सारख्याच पडल्या म्हणजे आजच्या आणि गेल्या वर्षीच्या चित्रांची तुलना सोपी होते, यासाठी ही योजना आहे. पण तिचा एक परिणाम साहित्याच्या वाचकाने ध्यानात ठेवला पाहिजे. या चित्रांत पहाट कधीच होत नाही, दिवेलागण होत नाही आणि चांदणे पडत नाही.

पावसाळ्याचेही तेच. साधा कॅमेरा ढगाच्या आरपार पाहू शकत नाही. जून ते सप्टेंबर या काळात कोकणाच्या आणि सह्याद्रीच्या बहुतेक चित्रांवर पांढरा कापूस पसरलेला असतो. गोधडी शिवणारे संगणक असे तुकडे बाजूला काढतात आणि उघडिपीचे तुकडे निवडतात, त्यामुळे नकाशातला महाराष्ट्र बहुतांशी दिवाळी ते मे या काळातला असतो. ढगांतून आरपार जाणारे रडार वापरणारे उपग्रहही आहेत. २०१४ पासून काम करणारा सेंटिनेल-१ हा त्यांपैकी एक. पण रडारचे चित्र करड्या रंगाचे आणि सरावाशिवाय न उमगणारे असते. ज्या कादंबरीचा प्राणच आषाढात आहे, तिचा प्रदेश आपण वैशाखातल्या चित्रात पाहत असतो, हे वाचकाने स्वतःला सतत बजावत राहावे.

नाव सापडले म्हणजे गाव सापडले असे नाही

महाराष्ट्रात एकाच नावाची अनेक गावे आहेत. ‘सांगवी’ शोधून पाहा. जिल्ह्याजिल्ह्यांतून सांगव्या समोर येतील. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तल्या सांगवीची छाया शोधणाऱ्याला खानदेशातली, यावल तालुक्यातली सांगवी हवी असते, पुण्याजवळची नव्हे. वाड्यांची गोष्ट आणखी अवघड, कारण वाडीला तिथे राहणाऱ्यांच्या आडनावावरून नाव पडते आणि बनगर आडनावाची घरे असलेली कोणतीही वस्ती बनगरवाडी म्हणवू शकते.

शिवाय लेखक नाव बदलतो. इंग्लंडमध्ये टॉमस हार्डीने डॉर्चेस्टरला कॅस्टरब्रिज केले, ऑक्सफर्डला क्राइस्टमिन्स्टर केले आणि आपल्या ‘वेसेक्स’चा नकाशाही छापला. माडगूळकरांच्या बनगरवाडीबद्दल माणदेशात सर्वत्र सांगितले जाते की ती म्हणजे आटपाडी तालुक्यातील लेंगरेवाडी. अशा वेळी नावावर विसंबू नये, नात्यांवर विसंबावे. ओढा गावाच्या कोणत्या अंगाला आहे, बाजाराचे मोठे गाव किती कोसांवर आहे, देऊळ आधी लागते की वस्ती, टेकडी उगवतीला आहे की मावळतीला, अशा जागांमधल्या नात्यांच्या खुणा पुस्तकातून टिपून चित्राशी ताडाव्यात. कोस साधारण तीन किलोमीटरचा धरावा, पण तो चालणाऱ्याच्या पायांनी मोजलेला असतो हे विसरू नये. नकाशातली सरळ रेषा नेहमीच त्याहून कमी भरते. चार-पाच खुणा जुळल्या आणि एक जुळली नाही, तर मात्र घाईने ‘लेखक चुकला’ असे म्हणू नये. ती न जुळणारी खूणच अनेकदा सर्वांत मोलाची असते, आणि तिच्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

आजचे हिरवे माळ आणि तेव्हाची वाडी

माणदेश हा सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या कडांवर पसरलेला, पर्जन्यछायेतला प्रदेश. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर उरलेले ढग इथपर्यंत पोचतात. ‘बनगरवाडी’तल्या धनगरांचे जगणे या उरलेल्या पावसावर आहे, आणि तो हुकल्यावर मेंढरे घेऊन वाडी सोडण्यावाचून त्यांना गत्यंतर राहत नाही. आता आजचे चित्र पाहा. आटपाडी तालुक्यात जागोजाग हिरवे, रेखीव, आखून लावल्यासारखे तुकडे दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा डाळिंबाच्या बागा आहेत. सुरुवातीला ज्या गडद निळ्या चौकोनांनी आपल्याला कोड्यात टाकले, ती प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आहेत. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने या दुष्काळी तालुक्यांकडे नेणारी उपसा सिंचन योजना झाली, आणि जमिनीचा रंग बदलला. हे चित्र खरेच आहे, पण ते कादंबरीतल्या राजाराम मास्तराच्या वाडीचे नाही.

मग तेव्हाची जमीन पाहायची कशी? पन्नाशीच्या दशकातले उपग्रहचित्र असू शकत नाही, कारण पहिला कृत्रिम उपग्रहच १९५७ साली अवकाशात गेला. पण साठीच्या दशकाची एक खिडकी उघडी आहे. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाचे हेरगिरी करणारे उपग्रह सोडले. ते खऱ्याखुऱ्या फिल्मवर छायाचित्रे घेत, फिल्मची कुपी पॅराशूटने खाली टाकत आणि विमान ती हवेतच पकडत असे. १९९५ मध्ये या कार्यक्रमातील आठ लाखांहून अधिक छायाचित्रे खुली झाली. ती अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहात शोधता येतात आणि त्यांत भारताचाही बराच भाग आहे. ही चित्रे कृष्णधवल असली, तरी शेवटच्या काही वर्षांच्या चित्रांत सुमारे दोन मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. त्यानंतर लँडसॅटचा संग्रह आहे; तो २००८ पासून सर्वांना मोफत मिळतो आणि पन्नास वर्षांत शिवार कसे बदलले ते दाखवतो. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १९८८ साली गेला, आणि इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून भारतीय उपग्रहांची चित्रे दाखवते. यांच्या जोडीला सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे घेतले, तर ‘बनगरवाडी’च्या बरेच जवळ जाता येते.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परतवतात. उपग्रह ते टिपतो, आणि अशा चित्रांत हिरवाई लालभडक रंगवण्याची प्रथा आहे. लाल ठिपके दिसले की शेती आली, असे नवखा वाचक समजतो. पण माणदेशाच्या ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळही तशीच लाल दिसते. तिचा अर्थ सुबत्ता नव्हे. अनेकदा पडीक जमीन हाच असतो. रंगाबरोबर आकारही पाहावा. बांधांनी आखलेले चौकोन माणसाच्या हातचे, आणि ओढ्याच्या कडेने विस्कटत गेलेले पट्टे निसर्गाचे.

वरून पाहणाऱ्याला कडा दिसत नाही

गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ या १९५८ सालच्या कादंबरीची भूमी म्हणजे लोणावळ्याजवळची राजमाची. इथे ओळख पटवण्याचा प्रश्नच नाही. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्या मधल्या खिंडीतले भैरवनाथाचे देऊळ, माचीवरची उधेवाडी आणि पश्चिमेला एकदम खाली गेलेले उल्हास नदीचे खोरे हे सारे चित्रात स्पष्ट दिसते. तरीही मुंबई सोडून माचीवर आलेल्या म्हाताऱ्या बुधाचे जग पाहण्यासाठी उपग्रहचित्र उघडणारा वाचक निराश होतो, कारण पडद्यावर त्याला एक सपाट हिरवा-करडा डाग दिसतो.

याचे कारण साधे आहे. आपण पाटाच्या कडेकडे नेमके वरून पाहिले, तर पाटाची उंची दिसत नाही. तसाच, सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला उभा कातळकडा म्हणजे केवळ एक रेघ असते. त्रिमितीय दृश्यात डोंगर उभे राहतात ते उंचीच्या वेगळ्या मोजणीमुळे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानाने ११ दिवस रडार फिरवून जवळजवळ साऱ्या वसलेल्या जगाच्या उंचीची नोंद केली, आणि अशा मोजण्यांवर चित्राचा पातळ कागद पांघरला जातो. त्या मोजणीत साधारण दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा आहे. सह्याद्रीचा कडा तेवढ्याच अंतरात शंभर मीटर कोसळू शकतो. दोन आकड्यांमधली जागा संगणक उतार समजून भरतो, आणि काळाकभिन्न बेसॉल्ट ओघळलेल्या मेणासारखा दिसतो. सह्याद्रीतल्या कादंबरीसाठी हा दोष फार मोठा आहे, कारण तिथे माणसाच्या एकटेपणाला तो कडाच कारण असतो.

आणखी एक चकवा सकाळच्या उन्हाचा. उपग्रह जातो तेव्हा हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला असतो आणि डोंगरांच्या सावल्या चित्रात वरच्या, डाव्या बाजूला पडतात. वरून उजेड येतो असे गृहीत धरण्याची आपल्या डोळ्यांची सवय असल्याने दरी डोंगरासारखी आणि डोंगर दरीसारखा भासू लागतो. असे वाटले की चित्र उलटे फिरवावे, दक्षिण वर आणावी. डोंगर जागच्या जागी येतात.

मात्र हेच उंचीचे आकडे एका कामाला उत्तम उपयोगी पडतात. अमुक जागेवरून तमुक जागा दिसेल का, हे त्यांच्यावरून तपासता येते. बोरघाटातून रेल्वे १८६३ पासून जाते. माचीवरच्या कोणत्या टोकावरून घाटाची बाजू दिसते आणि कोणत्या टोकावर मधली सोंड आड येते, हे घरबसल्या काढता येते. शहर सोडून आलेल्या माणसाला शहराकडे जाणारी वाट डोळ्यांसमोर आहे की डोंगराआड आहे, हे कळणे मला वाचनाच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते.

तोंड नदीकडे असलेले गाव

श्री. ना. पेंडसे यांची दोन खंडांतली ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली आली. तुंबाड हे खेड तालुक्यातले खरोखरचे गाव आहे, आणि जगबुडी नदी खेडवरून वळणे घेत वाशिष्ठीला मिळते व दाभोळच्या खाडीतून समुद्राला जाते, हेही चित्रात सलग पाहता येते. पण आजच्या चित्रात नजर आधी जाते ती मुंबई-गोवा महामार्गाकडे, १९९८ पासून पूर्ण धावू लागलेल्या कोकण रेल्वेकडे आणि लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या पांढऱ्या छपरांकडे. खोतांच्या पिढ्यांच्या काळात यांतले काहीही नव्हते. गावांची तोंडे नदीकडे होती, माल आणि माणसे गलबतांतून व होड्यांतून येत-जात होती. म्हणून हे चित्र वाचताना मी आधी महामार्ग आणि रेल्वेची रेघ मनातून पुसतो, मग नदी हाच रस्ता मानतो, आणि मगच कोणते गाव कोणाचे शेजारी हे ठरवतो. रस्त्याने आडबाजूला पडलेले गाव अशा वेळी एकदम नाक्यावर येते. भरती-ओहोटीच्या वेगवेगळ्या वेळची चार चित्रे लावून पाहिली, तर चिखलाचे पट्टे कधी उघडे पडतात आणि तिवरांची झुडपे कुठवर पसरली आहेत हेही समजते, आणि होडी कधी अडत असेल याचा अंदाज येतो.

कादंबरी काल्पनिक असते, मग हा खटाटोप कशाला?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कादंबरी हा पंचनामा नव्हे. लेखकाने तीन वाड्यांची मिळून एक वाडी केलेली असेल, डोंगर गावाजवळ ओढून आणला असेल, नदी रुंद केली असेल. पण त्याने काय ओढून आणले आणि काय गाळले, हे कळण्यासाठी मुळात जमीन कशी आहे हे माहीत असावे लागते. मघाशी ज्या न जुळणाऱ्या खुणेविषयी म्हटले, ती इथे कामाला येते. प्रत्यक्षात दोन टेकड्या असून पुस्तकात एकच असेल, तर ती एकच का ठेवली, हा प्रश्न आपल्याला थेट लेखकाच्या कामाच्या खोलीत नेतो. चित्र आणि पुस्तक तंतोतंत जुळले, तर आपल्याला भूगोल कळतो. जुळले नाही, तर कादंबरी कळू लागते.

जिथे भूमीच नाही तिथे हा सारा मार्ग खुंटतो, हेही मान्य केले पाहिजे. विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ बोटीवर घडते. समुद्रावरच्या त्या प्रवासाचे उपग्रहचित्र काढले तर निळ्याशिवाय काही मिळणार नाही, आणि त्याने कादंबरीचे काहीच उणे होत नाही.

यामुळे मनातले चित्र पुसले जाणार नाही का?

ही भीती मला अधिक खरी वाटते. एकदा पत्र्याची छपरे आणि मोबाइलचा मनोरा पाहिला की पुढच्या वाचनात तेच आड येतात. यावर उपाय एवढाच की क्रम पाळावा. आधी पूर्ण कादंबरी वाचावी आणि आपल्या मनातल्या गावाचा नकाशा स्वतःच्या हाताने कागदावर काढावा. तो कितीही ओबडधोबड असला तरी चालेल. त्यानंतर चित्र उघडावे. कागदावरचा नकाशा असला की दोन्ही चित्रे शेजारी राहतात, एक दुसऱ्याला गिळत नाही. माझा अनुभव असा की आपल्या नकाशात उत्तर-दक्षिण हमखास उलटलेली निघते, अंतरे लहान झालेली असतात, आणि देऊळ मात्र बहुधा योग्य जागी असते.

परदेशात किंवा गावापासून दूर वाढलेल्या मराठी वाचकाला तर या चित्रांचा वेगळाच आधार आहे. माळ, माची, खलाटी, शिवार हे शब्द ज्याने केवळ ऐकले आहेत, त्याला पुस्तक वाचताना जमिनीचा आकार डोळ्यांसमोर आणून देण्याचे काम शब्दकोशापेक्षा चित्र चांगले करते.

तिथे राहणाऱ्यांचे काय?

शेवटचा मुद्दा वाचकांच्या नव्हे, गावकऱ्यांच्या बाजूचा आहे. लेंगरेवाडीत, उधेवाडीत, तुंबाडमध्ये आज माणसे राहतात. ती कादंबरीतली पात्रे नाहीत. एखाद्या पात्राशी साम्य जोडून कुणाच्या घरावर खूण करायची आणि ती सार्वजनिक नकाशात टाकायची, हे सर्वस्वी गैर आहे. त्या पात्राच्या वाट्याला चोरी, व्यभिचार किंवा खून आला असेल, तर ती खूण एका जिवंत कुटुंबाच्या दारावर बसते. गावाच्या नावापर्यंत, ओढ्यापर्यंत, देवळापर्यंत थांबावे.

आणि फूटभराच्या ठिपक्यातही काही गोष्टी दिसणार नाहीतच. ‘बनगरवाडी’त मास्तर आणि गावकरी मिळून तालीम बांधतात. माळावर कुठे दगडांचा पडका चौथरा दिसला, तर तो तालमीचा, की गोठ्याचा, की कुणी अर्ध्यात सोडलेल्या घराचा, हे पडद्यावर ठरवता येणार नाही. त्यासाठी दिवाळीनंतर, सुगीची धांदल ओसरल्यावर, तिथे जाऊन एखाद्या जाणत्या माणसालाच विचारावे लागेल.